निधी संपला, संघ टिकवायचा कसा? (चिकोडी-निपाणी भाग, मदत हवी)

वेदगंगा_काठ

नमस्कार मंडळी. मी चिकोडी भागातल्या एका महिला संघाचे हिशोब आणि कागदपत्रं बघते. संघाचं नाव मुद्दाम देत नाही. नाव आलं की गाव कळतं, गाव कळलं की बायका ओळखल्या जातात. संघात धंदा (देहविक्री) करणाऱ्या बायका आहेत, देवदासी आहेत, एचआयव्हीसह जगणाऱ्या विधवा आहेत, आणि एकीच्याच वाट्याला हे तिन्ही आलंय अशाही बऱ्याच आहेत.

जुन्या लोकांना आठवत असेल, आपल्या भागात एचआयव्हीच्या कामाला एके काळी किती पैसा आला. २००३ साली बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशननं 'आवाहन' कार्यक्रम सुरू केला. सहा राज्यं घेतली, त्यात कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही. बेळगाव, बागलकोट, विजापूर आणि पलीकडं सांगली, सोलापूर, पुणे, मुंबई असा बायकांच्या येण्याजाण्याचा रस्ताच होता, त्यामुळं आपला जिल्हा सगळ्यांच्या नजरेत होता. नाकोनंही, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, आपल्या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात जिल्ह्याला जास्त लागणीच्या 'अ' वर्गात घातलं. गावोगावी पियर, म्हणजे बायकांतल्याच कार्यकर्त्या, नेमल्या गेल्या, बायकांना दुपारी दोन तास पाठ टेकायला, अंघोळ करायला, बोलायला ड्रॉप-इन सेंटरं उघडली. पोलिसांनी कुणाला उचललं तर लगेच धावून जाणारे गट तयार झाले. आमचा संघ त्याच काळात उभा राहिला.

पुढं २००९ पासून टप्प्याटप्प्यानं हे काम सरकारकडं गेलं. त्यात वावगं काही नाही, ते तसंच ठरलेलं होतं. सरकारचा टीआय (जोखमीच्या गटांसाठीचा) प्रकल्प आजही चालतो: तपासणी, कंडोम, गुप्तरोगावर उपचार, एआरटीला (एचआयव्हीच्या गोळ्यांना) जोडून देणं. मात्र तो प्रकल्प कधी या संस्थेकडं, कधी त्या संस्थेकडं. संघ म्हणून आम्हाला जो पैसा यायचा तो वेगळा होता. एका मोठ्या शहरातल्या संस्थेला परदेशातून यायचा आणि ती आम्हाला त्यातला थोडा द्यायची. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी निधीचा एफसीआरए कायदा बदलला आणि एका संस्थेनं परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही असं झालं. एका पत्रानं सगळं थांबलं. तेव्हापासून बायकांच्या वर्गणीवर आणि ओळखीच्यांच्या देणग्यांवर चाललंय. आता खोलीचं भाडं थकलंय.

काम काय असतं त्याचा एक प्रसंग सांगते. रायबाग तालुक्यातल्या एका गावात नवरा वारल्यावर दिरानं बाईच्या खोलीला कुलूप लावलं. आत तिचं रेशनकार्ड, पोरांची दप्तरं आणि गोळ्यांची बाटली. बाई माहेरच्या वाटेवर बसस्टँडला रडत बसली होती, तिथं आमच्या एकीनं तिला बघितलं. संघाच्या बायका दुसऱ्या दिवशी त्या घराच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. दुपारी सरपंच आले, संध्याकाळी कुलूप उघडलं. दोन दिवसांच्या गोळ्या चुकल्या एवढंच नुकसान झालं. आता मला सांगा, हा खर्च कुठल्या रजिस्टरात लिहू? गाडीभाडं, चहा, सहा बायकांची बुडालेली रोजंदारी. तपासणी किती झाल्या याला रकाना आहे. कुलूप उघडलं याला रकाना नाही.

आम्हाला कोटी नकोत. एक खोली, एका पूर्णवेळ बाईचा पगार, प्रवास आणि फोन, एवढ्यावर संघ चालतो. हा पैसा कुठून आणि कसा उभा करता येईल? कुणी असं काम केलंय का? सोसायटी म्हणून आमची नोंदणी आहे, ऑडिट नियमित आहे.

---

खानापूरचा_राजा

ताई, मनापासून विचारतोय, राग मानू नका. औषध सरकार फुकट देतं, तपासणी फुकट आहे, आता तर एचआयव्ही झालेला माणूस गोळ्या घेऊन साठीपर्यंत जगतो असं डॉक्टरच सांगतात. मग संघाला वेगळा निधी कशाला? सरकार करतंय ते पुरेसं नाही का?

---

समुपदेशक_होतो

राजा, तुमचा प्रश्न रास्त आहे. बरेच अधिकारीही हाच विचारतात. मी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या केंद्रांवर समुपदेशक म्हणून काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

१ एप्रिल २००४ पासून एआरटी फुकट आहे. २०१७ पासून सीडी-४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) कितीही असो, निदान झालं की लगेच औषध सुरू. डोल्युटेग्रेव्हिर हे नवं औषध आल्यापासून दिवसाला एक गोळी, त्रासही कमी. नाकोच्या पाचव्या टप्प्यासाठी, म्हणजे २०२१ ते २०२६ साठी, केंद्र सरकारनं १५,४७१.९४ कोटी रुपये ठेवले आणि तो सगळा पैसा आपल्या देशाचा आहे. ही मोठीच गोष्ट आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली तेव्हा कितीतरी देशांत औषधांची चिंता लागली. आपल्याकडं एआरटी केंद्रात गोळी मिळत राहिली, ती यामुळं.

पण गोळी केंद्रात असणं आणि ती रोज रात्री पोटात जाणं, यांच्यामध्ये बरंच काही असतं. आमच्याकडं एक बाई यायच्या, पलीकडच्या तालुक्यातून. त्यांच्या जवळ केंद्र असताना त्या मिरजेला यायच्या. का? जवळच्या दवाखान्यात जाऊबाईचा भाऊ वॉर्डबॉय. आपल्या भागात हे सर्रास चालतं. कागवाड-अथणीची माणसं मिरजेला, मिरजेची कोल्हापूरला, निपाणीची बेळगावला. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून माणूस लांब जातो, प्रसंगी राज्यही ओलांडतो. त्या बाई बाटली मिळाली की तिथंच खिडकीजवळ उभ्या राहून वरचं लेबल नखानं खरवडून काढायच्या. मग पर्समधून कापसाचा बोळा काढून बाटलीत दाबायच्या. मी विचारलं, हे कशाला? म्हणाल्या, "सर, एसटीत पिशवी हलली की गोळ्या वाजतात. शेजारचा विचारतो, कसल्या गोळ्या?"

या बाईंनी मध्ये औषध सोडलं होतं. त्यांना परत कुणी आणलं? मी नाही आणलं. माझ्या टेबलासमोर रोजची रांग असायची, एकेकाला दहा मिनिटं द्यायची म्हटली तरी ओढाताण. त्यांच्याच गावच्या एका बाईनं आणलं, जी स्वतः गोळ्या घेत होती. ती कुठल्याशा संघाची सभासद होती. प्रवासाचा खर्च थोडा हलका झालाय हे खरं; शक्ती योजनेत कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे, महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट. पण बुडालेली रोजंदारी कोण भरून देणार, आणि हाताला धरून नेणारी बाई कुठून आणणार? ती बाई म्हणजेच संघ. सरकारनं औषधावर केलेला खर्च कामी यावा म्हणूनही संघ लागतो, असं मी अधिकाऱ्यांनासुद्धा सांगत आलोय.

---

खानापूरचा_राजा

हे माहीत नव्हतं. कापसाचं वाचून गप्प बसलो. ताई, माझ्याकडून देणगी पाठवायची असेल तर कशी पाठवू ते सांगा.

---

लेखापरीक्षक_बेळगाव

वेदगंगा ताई, मी सीए आहे, लहान संस्थांची बरीच कामं करतो. तुमच्यासमोर कोणते रस्ते खरे आहेत आणि कोणते नुसते लांबून चांगले दिसतात ते स्पष्ट लिहितो.

परदेशी निधी आत्ता विसरा. एफसीआरए नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत आपल्या उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला दाखवावा लागतो. वर्गणीवर चालणाऱ्या संघानं तो आकडा कुठून आणायचा? एखाद्या ठरावीक देणगीसाठी आधी परवानगी घ्यायची सोय कायद्यात आहे, पण त्यालाही कागद आणि वेळ पुष्कळ लागतो. नोंदणी मिळालीच तर पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतो आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. २०२० च्या आधी ही मर्यादा ५० टक्के होती. भाडं आणि हिशोबनिसाचा पगार याच खर्चात मोडतो, आणि तुमची गरज तर नेमकी तीच आहे. ॲमस्टरडॅमचा रेड अंब्रेला फंड धंदा करणाऱ्यांनी स्वतः चालवलेल्या संघटनांनाच मदत देतो. तुमच्या संघाला शोभेल असा दाता आहे, पण एफसीआरएशिवाय त्यांचा एक रुपयाही घेता येत नाही.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एकही असलं की कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकामावर खर्च करायचे, आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचं. इथं आपल्या भागात लोकांची एक गल्लत होते, ती सांगतो. चिकोडी, अथणी, गोकाककडं साखर कारखाने आहेत म्हणून सगळे तिकडं अर्ज घेऊन धावतात. पण सहकारी कारखाना ही कंपनी नसते, त्याला कलम १३५ लागूच होत नाही. तो देईल ते धर्मादाय म्हणून, संचालक मंडळाच्या मर्जीनं. खाजगी कारखान्याला मात्र लागू होतं, नफा असेल तर. तेव्हा अर्ज करण्याआधी तो कारखाना सहकारी आहे की कंपनी, हे बघून घ्या.

आणखी एक. २०१३ साली कायदा झाला तेव्हा सातव्या परिशिष्टात, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत, एचआयव्ही, एड्सचं नाव घेऊन उल्लेख होता. २०१४ ला नियम लागू होताना परिशिष्ट बदललं आणि तो उल्लेख गेला. आता 'प्रतिबंधात्मक आरोग्य' आणि 'स्त्रियांचं सक्षमीकरण, मागास घटकांची विषमता कमी करणं' या शब्दांत बसवून मागावं लागतं. तुमचं काम त्यात नीट बसतं. त्यासाठी १२अ, ८०जी (या आयकर सवलतीच्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची) नोंदणी लागेल, शिवाय तीन वर्षांच्या कामाचा पुरावा.

सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दल (समाजसेवी संस्थांनी निधी उभारायचा शेअर बाजार) कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. तिथं किमान ५० लाखांची उभारणी करावी लागते.

म्हणून माझा सल्ला असा: आधी १२अ आणि ८०जी करा. गावचा किराणा दुकानदार, डॉक्टर, शाळेतले शिक्षक, पुण्या-मुंबईत गेलेली आपली मुलं, हे खरे देणगीदार. महिन्याला पाचशे रुपये देणारी शंभर माणसं मिळाली तर भाडं आणि पगार दोन्ही निघतात, आणि कुणी एका पत्रानं ते बंद करू शकत नाही.

---

उद्यमबाग_फौंड्री

सीए साहेबांच्या लिहिण्याला दुजोरा. आमची फौंड्री लहान आहे, सीएसआरच्या कक्षेत येत नाही, पण मोठ्या कंपनीत ते काम बघणाऱ्या माणसांशी रोजचं बोलणं असतं. त्यांना काय लागतं ते सांगतो: फलक, फोटो आणि आकडा. शिलाई मशीन वाटलं, बाई मशीनवर बसलीय, मागं कंपनीचा फलक. ताईंच्या संघात असा फोटो काढता येणार नाही. तिथंच बहुतेक प्रस्ताव अडकतात, नकारही कुणी स्पष्ट देत नाही, नुसतं उत्तर यायचं थांबतं.

खोलीचं वर्षभराचं भाडं आम्ही दोघे भाऊ मिळून वैयक्तिक देऊ शकतो. ८०जी असो वा नसो. फोटो नको, फलक नको. मला खाजगी निरोप करा.

---

वकील_चिकोडी

फोटोचा विषय निघाला म्हणून लिहितो. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कुणाची एचआयव्हीची स्थिती त्याच्या लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही. त्यामुळं दात्यानं लाभार्थींची यादी आणि फोटो मागितले तर संघानं हा कायदा दाखवून नाही म्हणावं. 'आमच्या बायका लाजतात' असं सांगण्यापेक्षा 'कायद्यानं देता येत नाही' असं सांगितलेलं दाता ऐकतो.

वेदगंगा ताईंनी सांगितलेला कुलपाचा प्रसंगही याच कायद्यात येतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला राहत्या सामायिक घरातून काढता येत नाही.  प्रत्येक राज्यात लोकपाल नेमायचा आहे. शंभर किंवा जास्त माणसं काम करतात तिथं, आणि दवाखान्यात वीस जण असले तरी, तक्रार अधिकारी नेमायला हवा. आपल्या भागातल्या किती कारखान्यांत आणि दवाखान्यांत तो अधिकारी आहे, हे संघानं माहितीच्या अधिकारात विचारावं. त्याला दहा रुपये लागतात.

वकिलाचा खर्च पडेल म्हणून बायका कोर्टाकडं फिरकत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न किती का असेना, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत एक अर्ज. हा पैसा सरकारनं आधीच ठेवलेला आहे, तो वापरा. निधी म्हणजे नेहमी आपल्या खात्यात आलेलीच रक्कम असते असं नाही.

आणि १९ मे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, बुद्धदेव कर्मास्कर खटल्यातला. त्यात नाकोनं किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांनी दिलेल्या दाखल्यावर धंदा करणाऱ्या बाईला आधार कार्ड काढता येईल असं आहे, आणि ती कुठलं काम करते ते कार्डावर कळता कामा नये असंही. संघात किती जणींकडं आधार नाही?

---

वेदगंगा_काठ

वकील साहेब, बऱ्याच जणी आहेत. यल्लम्माला सोडलेल्या काहींकडं बापाचं नाव काय लिहायचं इथूनच अडतं. हा आदेश आम्हाला तोंडी माहीत होता, दाखल्याची वाट माहीत नव्हती.

---

पियर_अक्का

नमस्कार. मी बोलतीया आणि माझी लेक टाइप करतीया. मी लई वर्षं पियर हुते. आता न्हाई.

आमाला पयल्यांदा लिवायला येत न्हवतं म्हणून चित्राचं रजिस्टर दिलं हुतं. बाईच्या नावाफुडं खुणा करायच्या. कितींदा भेटलो, दवाखान्यात गेली का न्हाई. ते आमाला आवडायचं. आमचं आमाला कळायचं, कोन राहिली. मग ट्रेनिंग झाली, मग सह्या आल्या, मग टारगेट आलं. महिन्याला इतक्या भेटी झाल्याच पायजेत. मग काय हुतंय, जी बाई जवळ राहती तिलाच परत परत भेटायचं. लांबची ऱ्हाती, ऊसतोडीला गेलेली ऱ्हाती. सायबांस्नी आकडा बराबर दिसतो.

मी टारगेटला वाईट म्हणत न्हाई. आकडा पायजेच. पर एकदा एका पोरीला पोलिसांनी रात्री बसवून ठेवलं तवा आमी नऊ जणी ठाण्यात गेलो. सायेब म्हणला, तुमी कोन? आमी म्हणलो, आमी संघ. ते म्हणायला बळ कुठनं आलं? महिन्याच्या मीटिंगीतनं आलं. त्या मीटिंगीला चहा-बिस्किटाचा आणि गाडीभाड्याचा पैसा मिळायचा, तो बंद झाला. मीटिंग बंद झाली. मीटिंग बंद झाल्यावर सगळ्या परत एकट्या.

देवदासी पेन्शनचं बी सांगते. सरकारची जी यादी हाय, २००७-०८ ची, तीत नाव आसंल तर पेन्शन. न्हाई तर हेलपाटे. ह्या बायकांस्नी कोन घिऊन जानार तालुक्याला? हे काम कराया कुनी पगार देत न्हाई, पर हेच लई लागतंय.

---

लेखापरीक्षक_बेळगाव

अक्का, तुम्ही म्हणता ती २००७-०८ ची पाहणी. ती आणि १९९३-९४ ची, दोन्ही पाहण्या मिळून कर्नाटकात ४६,६६० जणी नोंदल्या होत्या. सौंदत्ती आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळं आपल्याकडचा प्रश्न जुना आणि मोठा. मीटिंगच्या पैशाचं तुम्ही सांगितलंत ते मी प्रत्येक दात्याला वाचून दाखवणार आहे, परवानगी असावी.

---

मिरज_जंक्शन

थोडा वेगळा मुद्दा मांडतो. पैसा कुठून आणायचा याइतकाच कुठला घ्यायचा नाही, हाही प्रश्न आहे.

सांगलीची संग्राम संस्था १९९२ ची आणि तिच्यातून १९९६ साली धंदा करणाऱ्या बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे वॅम्प, उभी राहिली. त्यांचं काम सांगली, मिरज, कोल्हापूर ते निपाणीपर्यंत. बायकांच्या मुलांसाठीचं वसतिगृह निपाणीत उभं केलं. अमेरिकेनं एचआयव्ही निधीला अट घातली होती की संस्थेनं वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लेखी द्यायचं. संग्रामनं २००५ साली तो पैसा नाकारला. त्याच वर्षी ब्राझील सरकारनंही याच अटीवरून सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले होते. ज्या बायकांसाठी काम करायचं, त्यांच्याच विरोधात सही करून त्यांच्यासमोर कसं बसायचं, हा त्यांचा सवाल होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ती अट त्यांच्या देशातल्या संस्थांपुरती रद्द केली, पण २०२० च्या निकालात परदेशी संस्थांना ते संरक्षण नाही असं ठरलं.

आणि अशा पैशाचा भरवसा तरी किती? तृतीयपंथीयांसाठीची मित्र क्लिनिकं हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात चालायची, अमेरिकेच्या मदतीवर. २०२५ च्या जानेवारीत मदत थांबली आणि ती बंद पडली. जुलैत यूएसएड ही अमेरिकेची मदत देणारी संस्थाच संपली. पुण्याच्या क्लिनिकात हार्मोनच्या उपचारासाठी जाणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी कुठं जायचं, हे कुणी सांगितलं नाही.

---

समुपदेशक_होतो

मिरज, तत्त्व पटतं. पण नकार देणं संग्रामला जमलं कारण त्यांच्यामागं वर्षांचं काम होतं, बाहेर ओळख होती, दुसरे दाते होते. चिकोडीच्या संघाकडं उद्या कुणी पाच लाख घेऊन आलं आणि एक कागद पुढं केला, तर भाडं थकलेलं असताना नाही म्हणायची ताकद कुठून आणायची? नकाराला सुद्धा गाठीला पैसा लागतो. म्हणून मला सीए साहेबांची शंभर माणसांची कल्पना महत्त्वाची वाटते. ती रक्कम लहान आहे, पण तिच्या जोरावर मोठ्या रकमेला नाही म्हणता येतं.

---

मिरज_जंक्शन

मान्य. त्याला जोडून दुसरं: बायकांची स्वतःची पतसंस्था. कोलकात्याच्या सोनागाचीत उषा सहकारी संस्था १९९५ पासून आहे, धंदा करणाऱ्या बायकांचीच. सावकाराच्या व्याजातून सुटका झाली की बाई गिऱ्हाईकाला कंडोमशिवाय नाही म्हणू शकते. आरोग्याशी याचा थेट संबंध आहे. आपल्या राज्यातच म्हैसूरच्या अशोदया समितीनं सभासदांना रोजगार मिळावा म्हणून हॉटेल चालवलं. तुमच्याकडं बचतगट असतील तर सौहार्द सहकारी कायद्याखाली काही करता येईल का, ते विचारा.

---

सीमाभाग_१९५६

एक कळकळीचा मुद्दा. सगळे अर्ज, सगळी परिपत्रकं कन्नडमध्ये. आमच्या मराठी बायकांना कळणार कसं? आधी ही मागणी लावून धरायला हवी.

---

वेदगंगा_काठ

दादा, अडचण खरी आहे. महिला विकास निगमच्या धनश्री योजनेचा अर्ज, एचआयव्ही असलेल्या बायकांसाठीचा, मी स्वतः भरून देते कारण बायकांना वाचता येत नाही. धंदा करणाऱ्या बायकांसाठीच्या चेतना योजनेचंही तसंच. पण आमच्या संघात निम्म्या जणी कन्नड बोलणाऱ्या आहेत, आणि त्यांनाही अर्ज वाचता येत नाही. मीटिंगीत एक मराठीत बोलते, दुसरी कन्नडमध्ये उत्तर देते, कुणाचं अडत नाही. अर्ज दोन्ही भाषांत मिळावेत ही मागणी आम्ही मराठी-कन्नड दोघी मिळून करू. एकीनं केली तर ती भाषेची होते, दोघींनी केली तर ती कामाची होते. त्या मागणीच्या पत्रावर तुमच्याकडच्या लोकांच्याही सह्या मिळाल्या तर बरं होईल.

---

सीमाभाग_१९५६

मिळतील. मसुदा पाठवा.

---

जोगती_माय

मी जोगाप्पा, यल्लम्माला वाहिलेली तृतीयपंथी. हे सगळं वाचत होते, कुणी आमचं नाव घेतं का बघत होते. मिरजवाल्यांनी तृतीयपंथीयांचं घेतलं, बरं वाटलं. यल्लम्माच्या डोंगरावर आम्हाला नमस्कार करतात, दवाखान्यात मात्र कुठल्या रांगेत उभं राहायचं तेही सांगत नाहीत. तृतीयपंथीयांसाठी राज्याची मैत्री पेन्शन आहे, ओळखपत्र असेल तर. वेदगंगा ताई, तुमच्या मीटिंगीत आम्हाला बसता येईल का? पैसे नकोत. जागा हवी.

---

वेदगंगा_काठ

या, नक्की या. खोली राहिली तर ती सगळ्यांची आहे.

सगळ्यांचे आभार मानते. आज दुपारी संघाच्या बायकांना हा धागा वाचून दाखवला. उद्यमबागच्या दादांचं भाड्याचं ऐकून अध्यक्षबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "पैसे घ्यायचे, पण पावती द्यायची. दान म्हणून नको, हिशोबानं हवं." तेव्हा पावती मिळेल, दादा.

बायकांनी काय ठरवलं ते लिहिते. महिन्याची मीटिंग याच महिन्यापासून परत सुरू. गाडीभाडं वर्गणीतून, चहा आळीपाळीनं. पियर अक्कांना बोलवायचं ठरलंय, अक्का, नाही म्हणू नका. आधार नसलेल्यांची यादी करून वकील साहेबांकडं पाठवतो, नावं बंद पाकिटात. पेन्शनच्या यादीत नाव नसलेल्या देवदासींची दुसरी यादी. कुणाचीही अट असलेला कागद आला तर तो आधी मीटिंगीत मोठ्यानं वाचायचा आणि सगळ्यांनी हात वर केल्याशिवाय सही करायची नाही, हे ठरावाच्या पुस्तकात लिहून अंगठे घेतले. पतसंस्थेबद्दल दोन मतं पडली. काहींना मागच्या एका चिटफंडाची भीती बसलीय, ती एका मीटिंगीत जाणार नाही. त्यामुळं तो विषय तूर्त बाजूला.

शंभर माणसांची वही आजच घातली. पहिलं नाव खानापूरच्या दादांचं आहे, दुसरं एका शाळेतल्या बाईंचं. टीआय प्रकल्पाच्या लोकांशीही बोलणार आहोत. त्यांच्याकडं संकटात धावून जायच्या कामासाठी थोडी तरतूद असते, ती संघामार्फत वापरता येईल का, हे विचारायचंय.

लेखापरीक्षक साहेब, १२अ आणि ८०जी साठी बेळगावला यायचं आहे. काय काय आणू? सोसायटीच्या घटनेत 'एड्स प्रतिबंध' एवढंच उद्दिष्ट लिहिलंय, ते चालेल का?

---

लेखापरीक्षक_बेळगाव

चालेल, पण अपुरं पडेल. सर्वसाधारण सभा घेऊन उद्दिष्टांत 'स्त्रियांचे व तृतीयपंथीयांचे कायदेशीर हक्क, शिक्षण, उपजीविका आणि सामाजिक सुरक्षा योजनांचा लाभ मिळवून देणे' असं वाढवून घ्या आणि तो बदल सोसायटी निबंधकांकडं नोंदवा. नाहीतर पुढं कुलूप उघडायला गेलेल्या गाडीभाड्यावर कुणीतरी आक्षेप घेईल.

संस्था बंद झाली तर उरलेली मालमत्ता तशाच दुसऱ्या संस्थेला जाईल, असं कलम घटनेत आहे का तेही बघा. नसेल तर त्याच सभेत घाला, आयकर खातं हमखास विचारतं.

२० तारखेनंतर या, आधी जीएसटीची गडबड असते. नोंदणीचा मूळ दाखला, घटना, ठरावाचं पुस्तक, पॅन कार्ड, बँक पासबुक आणि तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब. भाड्याच्या जुन्या पावत्याही आणा. माझी फी नाही. अध्यक्ष आणि खजिनदार बाईंना बरोबर घेऊन या; सह्या त्यांच्या लागतील, आणि पोर्टलचा ओटीपी त्यांच्याच फोनवर येईल, तेव्हा फोन चार्ज करून आणायला सांगा.